पोर्टो: दोरु नदी, आफुरादाचे कोळी आणि विजेची टुकटुक

नदीकाठची

पोर्तुगालमधल्या पोर्टोला येणारे आपले बरेच लोक लिस्बनहून सकाळच्या गाडीने येतात, रिबेइराच्या धक्क्यावर फोटो काढतात, पूल ओलांडून समोरच्या काठावर, गाया शहराच्या बाजूला जातात आणि संध्याकाळी परतीची गाडी धरतात. मी इथे नोकरीसाठी राहते. घरी पाहुणे येत असतात. त्यांना फिरवताना जे कळत गेलं ते एका जागी असावं म्हणून हा धागा. माझा आग्रह एकच आहे. शहर बघून थांबू नका, नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत जा आणि दक्षिण काठावरच्या आफुरादा या कोळ्यांच्या गावात निदान एक दुपार काढा.

आधी टुकटुकबद्दल, म्हणजे पर्यटकांना फिरवणाऱ्या तीन चाकी रिक्षाबद्दल सांगते, कारण ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की पहिला प्रश्न चालण्याचा येतो. पोर्टो ग्रॅनाइटच्या उतारावर वसलंय. वर कॅथेड्रल आणि खाली नदी, मधे पायऱ्या आणि दगडी चिऱ्यांच्या अरुंद गल्ल्या. खाली उतरणं जमून जातं, पण वर येताना गुडघे बोलायला लागतात. मोठी बस या गल्ल्यांत शिरत नाही, टॅक्सीतून घरांचे वरचे मजले दिसत नाहीत. विजेची टुकटुक तिन्ही बाजूंनी उघडी असते, आवाज करत नाही, त्यामुळे चालक काय सांगतोय ते मागच्या सीटवर नीट ऐकू येतं. माझ्या आईला शहर खऱ्या अर्थाने दिसलं ते अशा गाडीतूनच.

मी सुरुवात सांव बेंतु स्टेशनपासून करते. आतल्या भिंतींवर जॉर्ज कोलासू या चित्रकाराच्या सुमारे 20,000 टाइल्स आहेत. निळ्या-पांढऱ्या रंगात लढाया, राजे, 1415 साली पोर्तुगीजांनी घेतलेलं उत्तर आफ्रिकेतलं सेउता, आणि त्यांच्याच शेजारी खेड्यातल्या जत्रा नि कापणी. तिथून कॅथेड्रलच्या अंगणात, मग खाली रिबेइरा. समोर दोम लुईश पूल दिसतो. 1886 चा, लोखंडी, दोन मजली, कमानीचा गाळा 172 मीटरचा. वरच्या मजल्यावरून आता मेट्रो धावते आणि माणसं चालतात. पुलाचा आराखडा तेओफिल सेरिगचा. तो आधी आयफेलचा भागीदार होता. थोडं वरच्या अंगाला 1877 चा मारिया पिया पूल आहे, तो सेरिग भागीदार असताना आयफेलच्या कंपनीने बांधला. दोन्ही पूल एका दिवशी बघितले की सेरिगने नऊ वर्षांत काय नवं केलं ते डोळ्यांनी कळतं.

खरी मजा पूल मागे टाकल्यावर सुरू होते. मिरागाया, मासारेलुश असे एकेक जुने भाग मागे पडत जातात, नदी रुंदावते आणि डोक्यावर आराबिदा पूल येतो. एदगार कार्दोझु या पोर्तुगीज अभियंत्याचा. 1963 मध्ये तो झाला तेव्हा 270 मीटरची ही काँक्रीटची कमान जगातली सगळ्यात मोठी होती. खालून जाताना मान वर करून बघाच. पुढे फॉझ म्हणजे नदीचं मुख. स्पेनच्या डोंगरात उगम पावून जवळजवळ 900 किलोमीटर आलेलं पाणी इथे अटलांटिकला भेटतं. पासेयु आलेग्रेच्या बागेत ताडाची झाडं, पुढे धक्क्याच्या टोकाला फेल्गेइराश दीपगृह. वारं असेल त्या दिवशी लाटा दीपगृहाच्या वर उडतात. अशा दिवशी धक्क्यावर अजिबात चालत जाऊ नका, बागेतूनच बघा.

आफुरादा याच्या समोरच, पलीकडच्या काठावर. पण आराबिदा पूल वेगवान रस्त्याचा, टुकटुक त्यावरून जात नाही. शहरातल्या पुलावरून गायाला उतरायचं आणि काठाकाठाने पश्चिमेला यायचं. गायाच्या धक्क्यापासून साधारण तीन किलोमीटर. वाटेत वाइनची जुनी कोठारं लागतात. समोर राबेलु होड्या बांधलेल्या असतात. दोरुच्या खोऱ्यातली पिंपं याच होड्या खाली आणायच्या.

आणि मग गाव. बुटकी घरं, प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीला वेगळ्या नक्षीच्या टाइल्स, दारात कुंड्या, खिडकीत आजीबाई. दुपारी बाराच्या सुमाराला गल्लीत लोखंडी शेगड्या बाहेर येतात, कोळसा पेटतो आणि सगळ्या गावाला भाजलेल्या माशाचा वास येतो. काठावर होड्या, जाळ्यांचे ढीग, जाळं दुरुस्त करत बसलेली माणसं. आणि सार्वजनिक धुणीघर. छपराखाली पाण्याच्या टाक्या, कडेला कपडे घासायला उतरत्या फरशा. बायका अजून तिथे धुणं घेऊन येतात, निळ्या-पांढऱ्या साबणाच्या वड्या घेऊन. बाहेर मोकळ्या जागेत सगळ्या गावाच्या दोऱ्या, त्यावर चादरी, कोळ्यांचे जाड लोकरी सदरे, पोरांचे फुटबॉलचे शर्ट, सगळं नदीच्या वाऱ्यावर. घरात मशीन असलेल्या बायकाही येतात. धुण्याबरोबर गप्पा होतात, कोणाची होडी परत आली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते कळतं.

माझी विनंती एवढीच. टुकटुक गावाच्या तोंडाशी थांबवा, उतरा, पायी फिरा. गाव अगदी सपाट आहे, गुडघेवाल्यांनाही जमतं. जेवण तिथेच घ्या. गाडीत बसून गल्लीतून चक्कर मारायची आणि दोऱ्यांवरच्या कपड्यांचे फोटो काढून निघायचं, असं करू नका.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

मिलिंद ठाणे

ताई, फार उपयोगी धागा. आम्ही जूनमध्ये येतोय, बरोबर वडील आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे, कमरेचं ऑपरेशन झालंय. दगडी रस्त्यावर हादरे बसतात का? आणि दर कसा ठरवायचा? शिवाय आई शुद्ध शाकाहारी आहे, कोळ्यांच्या गावात ती काय खाणार?

नदीकाठची

मिलिंद, हादरे बसतात, हे आधीच सांगते. चिऱ्यांच्या रस्त्यावर तीन चाकांची गाडी थरथरतेच. वडिलांना मागच्या चाकावर येणारी सीट देऊ नका, पुढे तोंड करून बसायच्या पहिल्या रांगेत बसवा आणि पाठीला छोटी उशी द्या. चालकाला आधीच सांगितलंत की तो सावकाश नेतो आणि जमेल तिथे डांबरी रस्ता धरतो.

दर बहुतेक ठिकाणी तासावर आणि गाडीमागे असतो, काही जण माणशी सांगतात. बसण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: गाडीमागे की माणशी, आफुरादात थांबलेला वेळ धरणार की नाही, आणि परत कुठे सोडणार. लहान फेऱ्या जुन्या शहरातच संपतात. आफुरादा आणि फॉझ दोन्ही हवे असतील तर अर्धा दिवस ठरवा. जून-जुलैत आदल्या दिवशी तरी बोलून ठेवा.

आईंसाठी: काल्दु वेर्द हे केलसारख्या हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात आणि कधी मुळात मटणाचं पाणी असतं, म्हणून विचारूनच घ्या. 'सेंय् कार्न, सेंय् पैश' एवढं म्हटलं की मांस नको, मासा नको हे कळतं. मक्याचा ब्रोआ पाव, चीज, ऑलिव्ह, कोशिंबीर, उकडलेले बटाटे, आणि अंडं चालत असेल तरच नंतर पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्ट. पोट भरतं. ज्यांना खरंच भाजी-भात लागतो त्यांच्यासाठी पोर्टो शहरात भारतीय नि नेपाळी खानावळी आहेत, आफुरादाला निघण्याआधी तिथे जेवून घ्या. तव्याला मासा लागलेला चालत नसेल तर तोच मार्ग बरा.

चाकोरी

मी वाहन उद्योगात आहे, त्यामुळे टुकटुकचा भाग दोनदा वाचला. थोडी भर घालतो.

तीन चाकी आपे 1948 मध्ये इटलीत सुरू झाली, युद्धानंतर लोकांकडे पैसे नव्हते आणि माल तर हलवायचा होता त्या काळात. युरोपच्या पर्यटन शहरांत जुन्या वळणाची जी आपे कालेस्सिनो दिसते ती त्याच घराण्यातली. इटलीतल्या पोंतेदेराच्या कारखान्यात आपेचं उत्पादन 2024 मध्ये थांबलं आणि आता आपे बनते ती आपल्या बारामतीत. पोर्टोच्या रस्त्यावर सगळ्या गाड्या याच नसतात, डच बनावटीच्या लांब विजेच्या टुकटुकही आहेत. पण आपे दिसली तर बारामतीची आठवण येणं स्वाभाविक आहे.

चढाचं म्हणाल तर विजेची मोटर अशा शहरासाठीच असावी असं वाटतं. पेट्रोल इंजिनाला जोर मिळवायला आधी फेरे वाढवावे लागतात, क्लच घासावा लागतो. मोटर जागच्या जागी पूर्ण जोर देते. चढावर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकत नाही. उतारावर तीच मोटर जनित्र होते, गाडी आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी तळाशी असल्याने वजनही खाली राहतं, वळणावर तीन चाकांची गाडी जरा जास्त भरवशाची होते. आपल्याकडे माथेरानला डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा आल्या, तिथेही हाच हिशोब: चढ, उतार, अरुंद वाट आणि धूर नको.

रुईश_नाही_रोहन

मी लिस्बनला राहतो आणि माझं मत वेगळं आहे. टुकटुकांनी लिस्बनच्या जुन्या वस्त्यांचं जगणं अवघड केलंय. दारासमोर रांगा, दिवसभर हिंदोळत जाणारे पर्यटक, पार्किंगसाठी भांडणं. विजेच्या झाल्या म्हणून आवाज गेला, गर्दी गेली नाही. पोर्टोतही रहिवाशांची तक्रार हीच आहे. ज्यांना चालता येतं त्यांनी चालावं. फॉझला जायला इन्फांते थांब्यापासून पहिल्या क्रमांकाची जुनी ट्राम आहे, नदीच्या काठाकाठाने पासेयु आलेग्रेपर्यंत जाते. पोर्टोत विजेची ट्राम 1895 पासून आहे, सबंध इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात पहिली. ती सोडून टुकटुक कशाला? आणि कोळ्यांच्या गावात तर अजिबात नको. तिथले लोक राहतात, ते देखावा नाहीत.

नदीकाठची

रोहन, शेवटचं वाक्य मला पूर्ण पटतं, म्हणूनच गावाच्या तोंडाशी उतरा असं लिहिलं. बाकीच्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. ट्राम सुंदर आहे, पण ती फक्त उत्तर काठाने जाते आणि उन्हाळ्यात तिच्यात उभं राहायला जागा नसते. कमरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला 'चालावं' असं सांगून त्याचा प्रश्न सुटत नाही. ज्याला चालता येतं त्याने कॅथेड्रलपासून रिबेइरापर्यंत जरूर चालावं, सायकल घ्यावी, गायाच्या धक्क्यावरून आफुरादापर्यंत नदीकाठचा रस्ता चालायला छान आहे. टुकटुक ज्याला गरज आहे त्याच्यासाठी.

चालकांबद्दलही एक. मी ज्याच्याबरोबर जाते तो याच भागातला, त्याचे काका आफुरादाच्या होडीवर होते. तो गावात शिरला की आधी तीन जणांना हाक मारतो. चालक निवडताना तो कुठला आहे, हे विचारा. फरक पडतो.

वसईची नाखवीण

नमस्कार. मी कोळी, माहेर वसईचं. हा धागा मला वेगळाच लागला. आमच्याकडेही लोक कॅमेरे घेऊन येतात. वलांडीवर बोंबील वाळत टाकलेले असले की त्याचे फोटो काढतात, नाकाला रुमाल लावतात, आणि एकही बोंबील विकत न घेता जातात. त्यामुळे ताईंनी जेवण तिथेच घ्या असं लिहिलं ते वाचून बरं वाटलं.

मला विचारायचंय ते असं. तिथे मासा कोण विकतं? आमच्यात होडीवर पुरुष आणि धक्क्यावर बाई. पैसा बाईच्या हातात. भाव ती ठरवते. तिथे कसं आहे? आणि नदीत काय मिळतं? पावसाळ्यासारखी बंदी असते का?

नदीकाठची

नाखवीण ताई, तुमच्या प्रश्नांमुळे हा धागा काढल्याचं समाधान झालं.

होडी पुरुषांची आणि विक्री बायकांची, हे इथेही तसंच होतं. डोक्यावर पाटी घेऊन आफुरादाच्या बायका शहरात मासे विकायला जायच्या. आज पोर्टोच्या बोल्यांव बाजारात मासळीच्या ओट्यांवर बायका बसतात, त्यांचा आवाज तुमच्या ओळखीचा वाटेल. तो बाजार 1914 चा, बरीच वर्षं दुरुस्ती चालली आणि 2022 मध्ये पुन्हा उघडला.

भावाचं मात्र वेगळं आहे. पोर्तुगालमध्ये ताज्या मासळीची पहिली विक्री लिलावघरात व्हावी असा नियम आहे, त्याला 'लोता' म्हणतात आणि ती दोकापेश्का ही सरकारी कंपनी चालवते. मासा तिथे तोलला जातो, नोंदला जातो, मग बोली. भाव वरून सुरू होतो आणि खाली येत जातो, जो पहिला थांबवेल त्याचा माल. म्हणजे घरच्या बाईने व्यापाऱ्याशी घासाघीस करून भाव काढायचा, ते पहिल्या पायरीवर राहिलं नाही. नोंद झाल्यामुळे किती मासा काढला याचा हिशोब राहतो, ही त्याची चांगली बाजू. जुन्या कोळणी मात्र अजून म्हणतात की हातातला भाव गेला.

नदीत हिवाळ्यापासून वसंतापर्यंत लॅम्प्रे येतो, सापासारखा लांब, इथे त्याचा भात मोठ्या मानाचा. आणि सावेल, आपल्या पाला (हिलसा) माशाच्या जातकुळीतला, समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणारा आणि काट्यांनी भरलेला. पूर्वी तो खूप आत जायचा. आता मुखापासून वीसेक किलोमीटरवर क्रेस्तुमा-लेवेरचं धरण आहे, 1985 चं, तिथे वाट अडते. समुद्रात सार्डिन, म्हणजे तारली, आणि बांगड्याचा भाऊबंद, शिवाय ऑक्टोपस. आपल्यासारखी सरसकट पावसाळी बंदी नसते. सार्डिनची पकड मात्र वर्षाच्या कोट्याने आणि हिवाळ्यातल्या बंद महिन्यांनी बांधलेली आहे. मधे साठा फार घसरला होता, तेव्हा मर्यादा कडक झाल्या. उन्हाळ्यात ती चरबीने भरते आणि तेव्हाच खायची. मसाला नाही, जाड मीठ आणि कोळसा. पावाच्या तुकड्यावर मासा ठेवायचा, तेल पावात उतरतं, तो पाव शेवटी खायचा.

वसईची नाखवीण

पाव शेवटी, हे कळलं! आम्ही तारली तव्यावर आंबोशी घालून करतो, पण कोळशावर नुसत्या मिठाची एकदा करून बघेन. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी, मग नारळी पौर्णिमा आणि होड्या बाहेर. तिथे असा काही सण?

शिवोलीचो

हा प्रश्न मी घेतो, कारण मी गोव्याचा आणि ही तारीख मला पाठ आहे. 29 जून, सांव पेद्रू. संत पीटर स्वतः मासेमार होते, म्हणून मासेमारांचा संत. आफुरादाच्या चर्चचं आणि गावाचं पूर्ण नावच सांव पेद्रू दा आफुरादा. आमच्याकडे बार्देशात त्याच दिवशी सांगोड असतो. दोन होड्या एकमेकींना बांधतात, वर मंच करतात, माडाच्या झावळ्यांनी सजवतात, बँड चढतो, गाणी होतात आणि सगळा लवाजमा पाण्यातून फिरतो. कांदोळीला बघायला या.

आणि त्याच्या पाच दिवस आधी, 24 जूनला, सांजाव, म्हणजे सांव ज्वांवचा, संत जॉनचा सण. पोर्टोचा सगळ्यात मोठा उत्सव तोच, 23 जूनची रात्र. मी एकदा तिथे होतो. रस्त्यावर लाखो माणसं, हातात प्लॅस्टिकचे हातोडे, अनोळखी माणसाच्या डोक्यावर टप्प करून मारायचं आणि दोघांनी हसायचं. जुनी माणसं हातोड्याऐवजी लसणाचा लांब फुलोरा घेऊन येतात. प्रत्येक खिडकीत छोट्या पानांच्या तुळशीची कुंडी, तिला ते मांजेरिकू म्हणतात, त्यात कागदावर चार ओळींची कविता खोचलेली. त्या झाडाला थेट नाक लावत नाहीत, तळवा पानांवरून फिरवून तळव्याचा वास घेतात. मध्यरात्री नदीवर आतषबाजी, आणि दुसऱ्या दिवशी राबेलु होड्यांची शर्यत.

आमच्याकडे त्याच दिवशी डोक्यावर फुलांची कोपेल, म्हणजे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. तिथे उन्हाळा, इथे पहिला पाऊस. संत तोच, तारीख तीच. मी पोर्टोत होतो त्या रात्री घरी फोन लावला तर तिकडून विहिरीत उडी मारल्याचा आवाज आणि 'विवा सांव ज्वांव' ऐकू आलं, इकडे माझ्या मागेही तीच आरोळी. मी दोन्हीकडचा झालो होतो त्या क्षणी.

आणखी एक. फॉझच्या पुढे समुद्राच्या काठावर काळ्या खडकावर एक छोटा किल्ला आहे. लोक त्याला चीजचा किल्ला म्हणतात, खडकाच्या आकारावरून. त्याचं खरं नाव सेंट फ्रान्सिस झेवियरचा किल्ला. ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये आहे, तेच. गोव्याहून कोणी गेलं तर तिथे पाच मिनिटं थांबावं असं मला वाटतं.

दफ्तरदार

उत्तम चर्चा चालू आहे. रिबेइराबद्दल एक राहिलं म्हणून लिहितो. दोम लुईश पुलाच्या जवळ, धक्क्याच्या भिंतीत ब्राँझचं एक उठावशिल्प आहे, आल्मिन्याश दा पोंत. 29 मार्च 1809 रोजी नेपोलियनचा सेनापती सूल्त पोर्टोत शिरला. तेव्हा पक्का पूल नव्हता, होड्या एकमेकींना जोडून केलेला पूल होता. घाबरलेले लोक त्यावरून गायाकडे पळाले, पूल मोडला आणि माणसं दोरुत बुडाली. हे शिल्प 1897 चं, तेइशैरा लोपेश या शिल्पकाराचं. आजही तिथे मेणबत्त्या पेटलेल्या दिसतात. टुकटुकचे चालक बऱ्याचदा गाडी न थांबवता लांबून दाखवतात. थांबायला सांगा.

दुसरं, उत्तरेला मातोझीन्योश. मोठं मासेमारी बंदर, लेइशोंयश बंदर त्याला लागूनच. हे बंदर 1880 च्या दशकात बांधायला घेतलं, कारण दोरुच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि लाटा मिळून जहाजं फुटत होती. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर बायकांचे पुतळे आहेत, हात वर केलेल्या, समुद्राकडे बघून आक्रोश करणाऱ्या. 1 आणि 2 डिसेंबर 1947 च्या मधल्या रात्री वादळात चार मासेमारी नौका बुडाल्या आणि 152 माणसं गेली. मासे भाजणाऱ्या खानावळींच्या रस्त्यावर सगळे जातात. तिथून किनारा पाच-दहा मिनिटांवर आहे, आधी तिकडे जा आणि मग जेवायला बसा.

वसईची नाखवीण

152. वाचून हात थांबला. आमच्या गावात एकेका वादळाची नावानिशी आठवण काढतात. तिथल्या बायकांना माझा नमस्कार सांगा, ताई.

नदीकाठची

सांगते. धुणीघराजवळ एक आजी बसतात, त्यांच्या घरातला माणूस समुद्रात गेलेला आहे. त्यांना वसईबद्दल सांगितलं तर आधी विचारतील, तिथे कुठला मासा मिळतो?

दफ्तरदार, दांड्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला जोड. तो वाळूचा दांडा, काबेदेलु, आफुरादाच्या लगेच पुढे आहे. त्याच्या आतल्या बाजूच्या खाडीत आता पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र आहे. लाकडी पायवाट आणि निरीक्षणाच्या जागा आहेत, बगळे, पाणकावळे, स्थलांतराच्या काळात चिखलपक्षी. गावाच्या एका अंगाला अलीकडे पर्यटक नौकांचं बंदर झालं. एकीकडे पांढऱ्या यॉट, एकीकडे रंगीत मासेमारी होड्या. नव्या बंदराच्या बाजूला चकचकीत हॉटेलं आहेत, तिथे बसू नका असं म्हणणार नाही, पण जेवणाचे पैसे जुन्या गल्लीतल्या शेगडीवर खर्च झाले तर ते गावातच राहतात. रोहनच्या काळजीचं माझ्याकडचं उत्तर तेच आहे.

फोटोबद्दल नाखवीण ताईंनी लिहिलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. होड्या, टाइल्स, नदी यांचे कितीही काढा. धुणीघरात मात्र आधी 'बों दीया' किंवा दुपारनंतर 'बोआ तार्द', मग हाताने खूण करून विचारा. नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. कोणाचे आतले कपडे दोरीवर आहेत हे जगाला दाखवायची गरज नाही.

रुईश_नाही_रोहन

पैसे कुठे खर्च होतात हा मुद्दा पटला. टुकटुकबद्दल माझं मत कायम आहे, पण ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांवर माझा आक्षेप नाही, हे नोंदवतो. आणि चालणाऱ्यांसाठी: उत्तर काठावरून आफुरादाला छोटी होडी जाते, कित्येक पिढ्यांची फेरी आहे ती. चालू आहे का ते त्या दिवशी विचारून घ्या, मधे मधे बंद असते.

मिलिंद ठाणे

आम्ही तारखा बदलल्या. आता 22 जूनला पोहोचतोय आणि 30 पर्यंत राहतोय, म्हणजे सांजाव आणि सांव पेद्रू दोन्ही मिळतील. वडिलांना गर्दीत नेणं शहाणपणाचं ठरेल का?

नदीकाठची

23 च्या रात्री रिबेइरात नको. तिथे उभं राहायला जागा नसते आणि जुन्या शहरातले रस्ते वाहनांना बंद असतात, टुकटुक मिळणार नाही. आतषबाजी उंचावरूनही दिसते. खोली वरच्या अंगाला घेतलीत तर खिडकीतून बघता येईल, आधीच चौकशी करा. संध्याकाळी सातच्या आत खाली एक चक्कर मारून हातोडा आणि तुळशीची कुंडी मात्र घेऊन या.

29 चं आफुरादा वडिलांना झेपेल. दुपारच्या मिरवणुकीला लवकर जाऊन सावलीत खुर्ची धरा. संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन गाव निघतं, होड्या पताकांनी सजलेल्या असतात. त्या दिवशी टुकटुक गावाच्या बरीच अलीकडे थांबवतील, तेवढं चालणं धरून ठेवा.

आणि दोन गोष्टी. सोमवारी आफुरादात जेवायला जाऊ नका. रविवारी होड्या सहसा जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजा मासा नसतो आणि बऱ्याच खानावळी बंद असतात. शिवाय उन्हाळ्यातही दुपारनंतर मुखाशी उत्तरेचा वारा सुटतो, उघड्या गाडीत बोचतो. वडिलांसाठी स्वेटर आणि कानटोपी हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.